साहेबांचा वानवळा

रविवारी दुपारी नव्या भाताचं जेवण होतं. पंगत बसायच्या आधीच धाऊआबांनी साहेबांची पिशवी पडवीत आणून ठेवली. घरात पोती होती, टोपल्या होत्या, कणगी गळ्यापर्यंत भरली होती, पण सगळ्यांची नजर गेली ती त्या पिशवीवर. जाड मांजरपाटाची, तोंडाला नाडी असलेली ती पिशवी आबांच्या बायकोने, गोजरने शिवली होती. बावीस वर्षांतली ही तिसरी. आत दोन पायली बारीक झिनी तांदूळ होता, तीनदा पाखडलेला, एकेक खडा हाताने वेचलेला. घरच्यांच्या ताटात येणाऱ्या भातात मात्र अजून खडे लागत होते.

"साईनाथ, उद्या मुलाखतीला जातोस तवा ही घेऊन जा," आबा म्हणाले. "आधी बंगल्यावर दे. मग कंपनीत जा."

त्यांचा मुलगा साईनाथ खांबाला टेकून उभा होता. पडवीत एक लोखंडी खुर्ची होती, पण ती पाहुण्यांची. आबा खाली चटईवर असताना त्या खुर्चीवर बसायची या घरात कुणाची टाप नव्हती. बावन्न वर्षांचा कान्हा, आबांचा सख्खा धाकटा भाऊ, तोसुद्धा थोरल्यासमोर उंबऱ्यावरच टेकायचा.

"आबा, मी पिशवी नाय नेणार," साईनाथ म्हणाला.

चुलीपाशी गोजरचा हात थांबला. दुधातला भात बुडाला लागायला आला होता. तिने डवला घालून तो ढवळला आणि कान मात्र पडवीत ठेवले.

"नाय नेणार म्हंजे?" आबांना खरंच कळलं नव्हतं. "दरसाल जाते. मी रिटायर झालो म्हणून साहेबांनी तोंड फिरवलं का? आन् आता तर तुझंच काम हाय. शिफ्ट इनचार्जची जागा म्हंजे काय रोज निघते?"

"म्हणून तर नाय नेणार. तांदूळ दिला म्हणून जागा मिळाली, असं व्हायला नको."

"लाच देतो का मी? वानवळा हाय तो!"

आबांच्या दृष्टीने यात काही खोट नव्हती. शेतात पहिलं जे हाताला येईल ते आधी दुसऱ्याच्या दारात पोचवायचं, हे किन्हवलीत कुणाला शिकवावं लागत नाही. डोळखांबला दिलेल्या सुंदराआत्याकडे जातं, शेजारी जातं, आवणीला, भाताची रोपं लावायला पाड्यावरून आलेल्या लखमाकडेही जातं. आणि ज्याच्याकडे जातं तो भांडं रिकामं परत करत नाही. चिमूटभर साखर का होईना, पण घालतोच. ब्याऐंशी साली मुरबाडच्या तार ओढायच्या कंपनीत आबा कायम झाले, तेव्हा या यादीत त्यांनी रेगेसाहेबांचं नाव घातलं. त्या नावापुढे कधी फुली पडली नाही.

"पोरगा बरोबर बोलतोय," कान्हा उंबऱ्यावरून म्हणाला. तो बोलला की त्यात थोडी थट्टा असायची आणि थोडी जखम. "बावीस वर्षं चिखलात कंबर माझी मोडते, आन् झिनी खातोय रेगेसाहेब. आमच्या ताटात जाडाभरडा. एकदा तरी इच्यारलं का रे त्यानं, हा तांदूळ पिकवतो कोण?"

"तू गप रे. कंपनीतलं तुला काय समजतं?"

"मला भातातलं समजतं. तेवढंच बोलतो मी."

गोजर पदराला हात पुसत बाहेर आली. दीर आणि मुलगा एका बाजूला आणि नवरा एकटा, हे तिला बघवेना.

"एवढं दोन पायलीनं काय आपली कणगी रिकामी होते?" ती म्हणाली. "आन् तो साहेब काय तसाच ठेवून घेत नाय. त्याची बाय दरसाल पिशवीतून खडीसाखर धाडते. मी सोता बघितलीय. बावीस वर्षांत एकदा चुकली नाय."

हे बोलताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती खडीसाखर मुरबाडच्या स्टँडसमोरच्या दुकानातली असते, हे तिला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. पुडीचा कागद तोच, दोराही तोच. साहेबाच्या घरून पिशवी रिकामी, चार घड्या घालून परत यायची आणि एसटीत चढायच्या आधी हा माणूस तिच्यात पावभर खडीसाखर टाकायचा. गोजर ती घरभर वाटायची. सुंदराला सांगायची, साहेबाच्या बायकोनं दिली म्हणून. तिने एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी सांगितलं नव्हतं.

आबांनी मान खाली घातली आणि ते चटईची एक काडी सोलू लागले.

साईनाथच्या बायकोने, देवकीने ते पाहिलं. ती पानं मांडत होती. सासूच्या तोंडून खडीसाखर निघाली आणि सासऱ्यांची मान खाली गेली, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिला वाटलं आता विषय थांबावा. खरं तर विषय तिनेच पेटवला होता. आठवडाभर ती साईनाथच्या मागे लागली होती. तुमी घरी एवढं बोलता, कोणतं मशीन कशानं बिघडलं ते मला सांगता, मग साहेबासमोर का नाय सांगत? आबांसारखं किती दिवस दारात उभं राहणार? काल झोपण्याआधी तर ती चिडून म्हणाली होती, सोमवारी पिशवी घेऊन गेलात ना, तर मी समजेन तुमी मुलाखतीला नाय, पोचवायला गेलात.

आता तिला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. "अवो, जेवायला बसा आधी," ती हळूच म्हणाली.

पण साईनाथचं डोकं तापलं होतं. आईने मधे घातलेली ती खडीसाखर त्याला सहन झाली नाही.

"आये, तू नको सांगू. आबा, मी एक इच्यारतो. शहाण्णव साली सुपरवायझरची जागा निघाली होती. मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगणारे तुमी एकटे. ती जागा तुमाला का नाय मिळाली?"

"शिक्षण कमी पडलं. आठवी पास माणसाला कशी देतील?"

"ज्याला दिली तो पण दहावी नापास होता, आबा." साईनाथचा आवाज चढला. "मी तवा अप्रेंटिस होतो. फाइल घेऊन केबिनच्या बाहेर उभा होतो. दार अर्धं उघडं होतं. आत तुमचंच नाव चाललं होतं. रेगेसाहेब काय बोल्ले सांगू? बोल्ले, धाऊ लाख माणूस आहे, पण त्याला खुर्चीवर बसवलं तर आपल्याला तांदूळ कोण आणून देणार? आन् सगळे हसले. चहा सांडेपर्यंत हसले."

पानावर वाढलेल्या भाताची वाफ तेवढी वर जात होती.

पहिला आवाज कान्हाचा आला. इतका वेळ तो साईनाथच्या बाजूचा होता, पण आता उठून उभा राहिला.

"आठ वर्षं पोटात ठेवलंस ना? मग अजून चार ठेवली असतीस तर काय पोट फुटलं असतं? नव्या भाताच्या पानावर बापाला हे वाढतात का रे?"

"काका, तुमीच तर बोल्लात..."

"मी माझ्या कंबरेचं बोल्लो. माझ्या भावाचं हसू नव्हतं करायचं मला."

गोजर मुलाकडे बघत राहिली. तिला त्याला बोल लावायचा होता, पण तो खोटं बोलत नव्हता. आबा उठले. पान ओलांडू नये म्हणून भिंतीकडेने सरकत सरकत ते मागच्या दाराने खळ्यावर गेले. साईनाथ तिथेच उभा होता. आपण जिंकलो असं त्याला क्षणभरही वाटलं नाही.

खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या रचल्या होत्या. आबा एका उडवीला टेकून बसले. साहेब हसले याचं त्यांना फारसं नवल वाटलं नव्हतं. आत कुठेतरी ते माहीतच असावं, नाहीतर खडीसाखर घ्यायला पाय दुकानाकडे वळले कशाला असते? त्यांना लागलं ते दुसरंच. त्या दाराबाहेर आपलं पोर उभं होतं. वीस वर्षांचं पोर, हातात फाइल घेऊन.

आपलं कुठे चुकलं हे ते शोधू लागले आणि मग शोधावंच लागेना. मशीन बंद पडलं की साहेब विचारायचे, काय झालं? आबांना आवाजावरूनच कळलेलं असायचं की तार जिच्यातून ओढतात ती डाय झिजली आहे. पण मोठ्या माणसाने विचारलं की फाडकन उत्तर देणं हा आगाऊपणा, असं त्यांच्या बापाने शिकवलेलं. म्हणून ते म्हणायचे, बघतो साहेब. मग अर्ध्या तासाने नव्या इंजिनिअरच्या कानात सांगायचे आणि तो जाऊन साहेबांना सांगायचा. तार दुसऱ्याच्या मशीनवर तुटली तरी तंटा नको म्हणून हेच हात जोडायचे, चुकलं साहेब. मीटिंगला बोलावलं तर दाराशी उभे राहायचे. रविवारी बंगल्याचा पंप बिघडला तर पाना घेऊन जायचे, ते मागच्या दाराने. यातलं एकेक काम बघितलं तर चांगलंच होतं. आपल्याला कुणी वाईट म्हणू नये एवढंच त्यांनी पाहिलं आणि खरोखर कुणी वाईट म्हणालं नाही. बावीस वर्षांत एकानेही नाही.

आणि हेच सगळं त्यांनी साईनाथला शिकवलं होतं. अठ्ठ्याण्णव साली तो कायम झाला त्या दिवशी सरळगावच्या पुढे एसटीत, मांडीवर तीच पिशवी घेऊन ते त्याला सांगत होते. साहेबासमोर बसायचं नाय. इच्यारलं तर लगेच बोलायचं नाय. चूक कुणाची बी असो, आपण चुकलो म्हणायचं, इषय संपतो. पोरगं मान डोलावत होतं. तेव्हा त्याने केबिनबाहेरचं ऐकून दोन वर्षं झाली होती, तरी ते मान डोलावत होतं.

कान्हा येऊन शेजारी बसला.

"दादा, जेवून घे. मी पण नाय जेवलो."

"कान्हा, तू पिकवलंस आन् मी नेलं," आबा म्हणाले. "साहेब बोलायचे, काय तांदूळ आहे धाऊ! आन् मी नुसता हसायचो. माझा भाऊ पिकवतो, एवढं बी कधी तोंडातनं निघालं नाय रे माझ्या. आपलं नाव घ्यायची सवय नव्हती, म्हणून तुझं बी राहिलं."

"जाऊ दे. मी रागात बोल्लो."

"खरं बोल्लास."

संध्याकाळी आबांनी पिशवीची नाडी सोडली आणि तांदूळ घरच्या डब्यात ओतला. गोजरने डबा धरला होता. "खडीसाखर मीच आणायचो," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

सोमवारी सकाळी साईनाथ मोटारसायकलवरून रिकाम्या हाताने मुरबाडला गेला. निघताना तो आबांच्या पाया पडला. आबांनी डोक्यावर हात ठेवला, पण काही म्हणाले नाहीत. काही म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं त्याला सरळगावपर्यंत वाटत राहिलं.

केबिन तीच होती. टेबलामागे तिघे होते. रेगेसाहेब, आता केस पांढरे झालेले; मुंबईहून आलेले एक नवे साहेब; आणि एक बाई, समोर कागद घेऊन बसलेल्या. आत शिरताना साईनाथ मनाशी म्हणाला, आज बोलायचं. देवकीने सकाळी डबा हातात देताना एवढंच सांगितलं होतं, जे मला सांगता तेच सांगा.

"बसा," बाई म्हणाल्या.

"असू दे मॅडम, ठीक आहे."

बाईंनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बसा ना," त्या पुन्हा म्हणाल्या. "नाय, बरं आहे असंच," तो म्हणाला आणि लगेच त्याला कळलं की हे आपण काय केलं. पण आता बसावं तर तेही विचित्र दिसणार. त्याचे हात पोटापाशी एकात एक गुंतले होते.

नव्या साहेबांनी कागद उलटला. "गेल्या महिन्यात तारेचा एक मोठा लॉट परत आला. तुमच्या शिफ्टचा. काय झालं होतं?"

काय झालं होतं ते साईनाथला तोंडपाठ होतं. पहिल्याच तासाला माप चुकतंय हे त्याने पकडलं होतं. इनचार्जला चिठ्ठी लिहून दिली होती. चिठ्ठीची कार्बन कॉपी या क्षणी त्याच्या शर्टाच्या खिशात होती. देवकीनेच ती आठवणीने ठेवली होती. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

"चूक झाली साहेब," तो म्हणाला. "आमचीच."

"म्हणजे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"बघायला पाहिजे होतं साहेब."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं, इनचार्ज झालात आणि असं पुन्हा झालं तर काय कराल? मशीन थांबवाल?"

थांबवायचंच, साईनाथच्या मनात आलं. घरी देवकीला त्याने दहादा सांगितलं होतं, मी असतो तर थांबवलं असतं. "साहेब सांगतील तसं करू," तो म्हणाला.

मग रेगेसाहेब हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, उलट माया होती. "अगदी धाऊवर गेलाय हा," ते नव्या साहेबांना म्हणाले. "वडील होते इथे. सोन्यासारखा माणूस. काय रे, या वर्षी नवा तांदूळ आला नाही वाटतं?"

"आणतो साहेब," साईनाथ म्हणाला. "उद्याच आणतो."

त्याच्या शिफ्टचा जेवणाचा भोंगा व्हायच्या आत नाव लागलं. कल्याणहून येणारा एक मुलगा होता, त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटा. पुढच्या वर्षी बघू, असं रेगेसाहेबांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं. साईनाथ त्यांना थँक्यू म्हणाला. मग मशीनवर जाऊन त्याने खिशातली कार्बन कॉपी काढली, वाचली आणि पुन्हा घडी घालून ठेवली. फाडायलाही त्याचा हात धजला नाही.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळतीला आला होता. आबा पडवीत चटईवर होते. देवकी दारात आली आणि त्याचा चेहरा बघून तशीच थांबली. आबांनी जागेचं विचारलं नाही.

"बसलास का?" त्यांनी विचारलं.

साईनाथने मान हलवली. नाही म्हणून. मग खांबापाशी उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. लॉटचं, चिठ्ठीचं, पुढच्या वर्षीचं. शेवटी म्हणाला, "आन् तांदूळ आणतो म्हणून सांगून आलो. काल तुमाला एवढं बोल्लो आन् आज मीच. मला माफ करा, आबा."

"माफी माझ्याकडं नको मागूस. शिकवलं मीच." आबांनी हात लांबवून पाहुण्यांची खुर्ची पुढे ओढली. फरशीवर तिचे पाय खरखरले. "बस."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर जमत नाय म्हणून तर तिथं जमलं नाय. बस."

उंबऱ्यावरून कान्हा बघत होता. चुलीपाशी गोजर थांबली होती. साईनाथ खुर्चीच्या कडेला टेकला, उठायच्या तयारीत असल्यासारखा.

"मागं टेक."

तो मागे टेकला.

"आता बोल. साहेब, तांदूळ नाय आणणार."

"साहेब, तांदूळ..." तो अडखळला. "तांदूळ नाय आणला, साहेब. चुकलं."

"चुकलं कशाला? परत बोल."

"आबा, मला नाय जमत. तुमीच एकदा दाखवा ना कसं बोलायचं ते."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. खुर्चीसमोर येऊन उभे राहिले आणि घसा साफ केला. "साहेब," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचा शब्द येईना. त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे येऊन पोटापाशी एकात एक गुंतले. मान थोडी वाकली. चेहऱ्यावर ते हसू आलं, कुणी वाईट म्हणू नये म्हणून येतं ते.

बावीस वर्षं खुर्चीतल्या माणसाला आबा कसे दिसत होते, ते साईनाथने पाहिलं. त्याला रडू आलं. तो ताडकन उठायला गेला.

"उठू नको," आबा म्हणाले. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, पण ते सुटेनात. "माझं राहिलं ते राहिलं. तू बसून राहा."